कोऱ्या पुंगळ्या

नेड्राने डब्याचं झाकण काढून आधी वास घेतला. उग्र पण स्वच्छ. बारूद बिघडलेली नव्हती. डब्यावर नाव होतं वडिलांच्या आवडत्या, चटकन पेटणाऱ्या जातीचं. दुखऱ्या मनगटाला सोसतील अशी हलकी काडतुसं भरायची, तर हीच हवी. ती चिमूटभरच लागते, काडतुसाची पितळी पुंगळी जवळजवळ रिकामीच राहते. म्हणूनच चुकून दुसऱ्यांदा पडली तरी कळत नाही, आणि रिव्हॉल्व्हर हातात फुटतं. थर्मन, तिचे वडील, प्रत्येक पुंगळीत विजेरीचा झोत टाकून बघायचे. ते जाऊन महिना होत आला होता.

तिने थोडी बारूद तराजूच्या ताटलीत ओतली. आधी काळसर चपट्या चकत्या आल्या. मग त्यांच्यामागून राईहून बारीक गोल दाणे घरंगळले. तिचा हात थांबला.

खिडकीबाहेर नेब्रास्काच्या टेकड्यांवर बर्फ पडत होता. इतका सावकाश, की तो खाली येतोय की टेकड्याच वर चालल्यात, ते कळत नव्हतं.

धाकटा भाऊ वेंडेल कॉफी घेऊन शेडमध्ये आला.

"भर की, ताई. शनिवारच्या नेमबाजीच्या स्पर्धेत सगळ्यांना पाणी पाज."

"यात दोन जाती मिसळल्यात. बाबांनी."

त्याला धक्का बसेल असं तिला वाटलं होतं. त्याने कप खाली ठेवला.

"इथे होता होय हा डबा? मी अख्खी शेड पालथी घातली होती."

दोघांनी डबा अंगणात नेला. शेडपासून लांब, उघड्या जमिनीवर नेड्राने बारूद पातळ रेघेत पसरली, लांब काठीने टोक पेटवलं आणि ती मागे सरली. आवाज झाला नाही. पिवळी ज्योत रेघेवरून निघाली. कुठे धावली, कुठे रेंगाळली. तिच्यावर उतरणारा बर्फ सोनेरी होऊन नाहीसा होत होता.

"वसंतात एकदा बार काढला, तर रिव्हॉल्व्हर हातातून उडालं त्यांच्या," वेंडेल म्हणाला. "नशीब, बोटं राहिली. मग ते भरतील ती काडतुसं मी गुपचूप काढून घ्यायचो. त्यांच्या खोक्यांत दुकानातली ठेवायचो."

"मला बोलला नाहीस."

"कुणालाच नाही. ते खूश होते गं. म्हणायचे, वेंडेल, हात अजून बसलेला आहे बघ माझा."

नेड्राने ज्योतीवरची नजर काढली नाही.

"दुकानातली म्हणजे नव्या पुंगळ्यांची?"

"मग? कोरी करकरीत. चमकायची नुसती."

थर्मनच्या पुंगळ्या वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भरून वापरलेल्या, काळवंडलेल्या, ओरखडे पडलेल्या. डोळे मिटून, नखाने कड चाचपून ते सांगायचे की ही कितव्यांदा भरली आहे. वेंडेलने आयुष्यात एकही काडतूस भरलं नव्हतं.

तो हसत होता. अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच.

"त्यांना संशय आला असेल का गं कधी?"

ज्योत रेघेच्या शेवटाला पोचून विझली. नेड्राने त्याची टोपी कानांवर नीट ओढली.

"नाही," ती म्हणाली. "तुझं काम चोख होतं."