दुसरा स्लॉट

नोकरी सोडून घरी बसलेल्या मुलीचा कॉम्प्युटर बंद पडला की नातेवाइकांना किती बरं वाटतं, ते मला त्या रविवारी कळलं.

मी संचिता. डोंबिवलीत राहते आणि अजून न बांधलेल्या घरांच्या फिल्म बनवते. घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डरने मला पहिल्यांदाच अख्ख्या टॉवरचं काम दिलं होतं. एवढी मोठी फिल्म माझ्या मशीनला झेपेना, म्हणून जास्तीच्या मेमरीची एक पट्टी मागवून दसऱ्याला मीच ती बसवली. तेव्हापासून मशीन रुसलं. फिल्म तयार होताना अर्ध्यावर आली की निळा पडदा, मशीन बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. नवी पट्टी काढली तर निळा पडदा जायचा, पण फिल्मही जागची हलायची नाही.

फिल्म सोमवारी दाखवायची होती आणि बाबांनीही सोमवारचीच मुदत घातली होती. "झाली तर तुझं तू बघ. नाही झाली तर ऋतुराजच्या ऑफिसात चिकटायचं. मग कुरकुर नको." माझे बाबा, गुणाजी, कोलशेतच्या एका कारखान्यात जन्मभर लेथ मशीनवर उभे राहिले. माझ्या कॉम्प्युटरला ते खेळणं म्हणायचे.

रविवारी माझा चुलतभाऊ ऋतुराज चिवड्याची बशी मांडीवर घेऊन बसला. तो आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळं न बघताच कळतं.

"मी बोललेलो ना तुला, जुन्या मशीनला नवीन रॅम सूट नाही होत. मदरबोर्ड गेला असणार. भंगारात दे आणि उद्या चल माझ्याबरोबर. एचआरशी बोलून ठेवलंय मी."

"उघडून बघितलंस?"

"बघायचंय काय त्यात?"

"मग चिवडा खा."

मी स्क्रू काढले. पट्ट्या बसवायच्या दोन खाचा, म्हणजे स्लॉट, आत होते. पहिल्या स्लॉटमध्ये एकटी जुनी पट्टी घातली, मशीनला भरपूर काम दिलं. चाललं. तिथेच एकटी नवी घातली. तीही निमूट चालली. म्हणजे जिच्या नावाने सगळे बोटं मोडत होते, ती बिचारी धडधाकट होती. मग नवी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली. निळा पडदा. इतकी वर्षं इमानाने राबलेली जुनी तिथे घातली, तर तीही कोसळली.

"बघ, स्लॉट गेला म्हणजे बोर्डच गेला," ऋतुराज म्हणाला. "सोड ना आता."

"नाही सोडत."

मला रडू येत होतं, पण ते रागाचं होतं. याच्यासमोर तर मी मुळीच रडणार नव्हते. मी टॉर्च घेतला आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये नाक खुपसून बघितलं. आत काहीतरी लाल होतं. टाचणीने उकरलं, बोटावर घेतलं. लाल, आणि त्यात थोडं पिवळं.

हळदकुंकू.

"बाबा," मी म्हटलं. ते खिडकीशी पेपर वाचत होते. "दसऱ्याला मी मशीन उघडं टाकून पार्सल घ्यायला खाली गेलेले. तेव्हा याला हात कुणी लावला?"

पेपर खाली आला नाही. "यंत्र आहे ते," पेपरामागून आवाज आला. "दसऱ्याला कोरडं ठेवतात काय?"

ऋतुराजला हसताना ठसका लागला. "काका, रॅमला कुंकू?"

"तू हसू नकोस," मी म्हटलं. मी संतापले होते, पण बाबांवर हसलेलं मला चालणार नव्हतं. बाबा दर दसऱ्याला कारखान्यात जाऊन आपल्या लेथला हळदकुंकू लावायचे. घरातल्या मिक्सरला किंवा टीव्हीला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

"खेळणं म्हणत होतात ना तुम्ही?"

"म्हणत होतो." पेपराची घडी झाली. ते उठले आणि कपाटातून मऊ केसांचा बारका ब्रश घेऊन आले. लेथवरची मापाची हत्यारं ते याच ब्रशने झाडायचे.

"द्या इकडे. तुम्ही टॉर्च धरा. हात हलवू नका."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा हुकूम ऐकला. मी स्लॉट झाडला, पट्ट्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, दोन्ही पट्ट्या खटकन बसवल्या आणि फिल्म पुन्हा बनायला लावली.

"पुढच्या वर्षी बाहेरून लावा," मी म्हटलं.

"बघू."

फिल्म अर्ध्यावर आली. मग अर्धं ओलांडून ती पुढे गेली, आणि जातच राहिली. बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

ऋतुराजने रिकामी बशी खाली ठेवली. "मग उद्या एचआरला काय सांगू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पडद्यावरची नजर न काढता बाबा म्हणाले, "सांग, तिचं मशीन चालू आहे. आमच्यात चालू मशीन सोडून उठत नाहीत."