माझ्या डाव्या चाकाचा सूर

मित्रांनो, मी एक ट्रक आहे. दहा चाकांचा, पारशिवनीचा. वय म्हणाल तर जेमतेम सहा वर्षं; पण अंगावरचे पोचे आणि डाव्या बाजूचं रंग न जुळणारं दार पाहून लोक मला जुनाच म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्ही मात्र घटकाभर बसा. कीर्तनाला बसतात तशी मांडी घालून बसलात, तर मला सांगायलाही बरं वाटेल.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. त्याच महिन्यात माझ्यासारखीच शेकडो भावंडं तिथे जन्मली. चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याभोवती पोलादाची एक कडी असते, तिला बेअरिंग म्हणतात. दिसत कुणालाच नाही, पण सगळं ओझं तीच मुकाट्याने झेलते. आमच्या त्या कड्यांमध्ये घडतानाच काहीतरी उणं राहून गेलं होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. जन्माला येताना आपलं उणं कुणाला ठाऊक असतं?

गोपाळरावांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, प्रेमिलाबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. धान्याचे कट्टे पारशिवनीहून नागपूरच्या बाजारात न्यायचे, येताना दुकानदारांचा माल आणायचा, हे माझं काम. आणि पंचक्रोशीत कुठे हरिनाम सप्ताह असला, की मांडवाचे बांबू, सतरंज्या, स्वयंपाकाची भलीमोठी भांडी, आमच्याकडच्या गंजा, माझ्याच पाठीवर. मला मग मांडवाशेजारी उभं करायचे. कीर्तन रंगात आलं की गोपाळराव डोळे मिटून डोलायचे आणि मृदंगावर असायचे खापा गावचे नत्थूभाऊ. त्यांची डावी थाप पडली की माझ्या काचासुद्धा थरथरायच्या. ते दिवस आठवले की आजही माझा जीव भरून येतो.

माझ्या पाचव्या दसऱ्याची गोष्ट. मला धुतलं, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. माझे सगळे कागद पाटावर मांडून त्यांचीही पूजा झाली. तेवढ्यात पोस्टमनने कंपनीचा लिफाफा आणून दिला. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास कंपनीचं शुभेच्छापत्र यायचं. गोपाळरावांनी हा लिफाफाही तसाच पाटावर ठेवला, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या.

"फोडून तं पाहा," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"पूजेतला कागद काहून फोडा वं? शुभेच्छाच राहते त्यात. आता लय भरल्या आपल्याजवळ शुभेच्छा."

सगळे कागद लाल फडक्यात बांधून त्यांनी माझ्या केबिनमध्ये विठोबाच्या तसबिरीमागे ठेवले. कंपनीने फोनही केला होता म्हणे, पण नोंदवहीतला नंबर गोपाळरावांचा जुना होता. तो वाजला की नाही, देव जाणे.

दिवाळीनंतर माझ्या पुढच्या डाव्या चाकातून एक आवाज निघू लागला. बारीक, लांब, अखंड. नत्थूभाऊ त्या दिवशी माझ्यातूनच नागपूरला निघाले होते. कान देऊन म्हणाले, "गोपाळराव, तुमची गाडी गाऊन राहिली गा."

"मंग? पाच वर्सं कीर्तनं आयकली तिनं. तुमच्याहून लवकर शिकली."

झालं. त्या सुरावर सूर लावून गोपाळराव गाऊ लागले आणि नत्थूभाऊ खिडकीबाहेर डावा हात काढून माझ्या दारावर ठेका धरू लागले. चहाच्या टपरीवर लोक मुद्दाम थांबून ऐकायचे. 'गाणारी गाडी' असं माझं नाव पडलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मलाही ते कौतुक गोड वाटायचं. चाकात आग होत होती, पोलाद पोलादाला खात होतं. पण कुणी वाहवा म्हटलं की मी ते दुखणं विसरायचो. देवाने मला ओरडायला दुसरा आवाजच दिला नव्हता. मी कळवळून सांगायचो आणि ते गाणं समजायचे.

माघ महिन्यात नत्थूभाऊंचा चेहरा बदलला. "हा सूर चढून राहिला," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात खाली होता. तंबोरा असा आपला आपण चढत नाई. मिस्त्रीले दाखवा."

"तुमचा कान मृदंगाचा. सुरातलं तुम्हाले काय समजते?"

"सुरातलं नसन समजत. पण फाटाच्या आधी मृदंगाचं कातडं, ते पुडी, अशीच ताणून बोलते, एवढं समजते."

गोपाळराव हसले. "सप्ताह होऊ द्या. तीन दिवस तं राहिले. मांडव उतरला का नेतो."

ते तीन दिवस काही पुरते सरले नाहीत.

काल्याच्या कीर्तनाची सकाळ होती. महाप्रसादाच्या गंजा आणि तांदळाचे कट्टे घेऊन आम्ही निघालो होतो. दोघं गात होते. एका वळणावर माझ्या चाकातली कडी फुटली. चाक माझ्यापासून सुटलं आणि एकटंच पुढे तुरीच्या शेतात पळत गेलं. मी डावीकडे कोसळलो आणि कडूनिंबाला जाऊन धडकलो. गोपाळरावांना खरचटलं. नत्थूभाऊंचा ठेका धरलेला हात माझं दार आणि झाड यांच्यामध्ये सापडला.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला. बोटं मात्र वाचली नाहीत.

मला ओढून आणून गोपाळरावांच्या अंगणात ठेवलं. काही दिवसांनी विम्याच्या माणसाला कागद हवे होते, म्हणून त्यांच्या लेकीने, कामिनीने, ते लाल फडकं सोडलं. बंद लिफाफा दिसला तशी तिने तो फोडला. उभ्या उभ्याच वाचू लागली आणि मग ओट्यावर बसली. पत्रात लिहिलं होतं, की ही गाडी बनली त्या महिन्यातल्या सगळ्या गाड्यांच्या पुढच्या चाकांची बेअरिंगं सदोष असू शकतात. गाडी चालवणं थांबवून त्वरित कळवावं, आमची माणसं येऊन ती विनामूल्य बदलून देतील.

तिने ते आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"नत्थूभाऊले हे सांगू नका," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "हात तं काही परत येत नाई. माणूसही जाईन तुमच्यापासून."

गोपाळरावांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवली. चार दिवस ते जेवणाच्या ताटावरून अर्धवट उठत होते. पाचव्या दिवशी नत्थूभाऊच आले. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. ते मला पाहायला आले होते. चेपलेल्या दाराकडे ते बघत राहिले. गोपाळरावांनी पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. "दसऱ्यालेच आलतं," ते म्हणाले.

"मले कुठं चष्म्याबिगर दिसते? वाचा तुम्हीच."

गोपाळरावांनी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

"म्हणजे कागदानंही सांगतलं, गाडीनंही सांगतलं, अन् मीही सांगतलं," नत्थूभाऊ सावकाश म्हणाले.

"हो."

"मले माफी मांगू नका, गोपाळराव. आत्ता तं देता येणार नाई. पुढचं इठोबाले माहीत." मग त्यांनी माझ्या बोनेटवर उजवा हात ठेवला. "इच्यासारख्या अजून किती गाड्या हायेत या बाजूले?"

"असतीन आठ-नऊ."

"मंग इथं काहून उभे हा? जा. घरोघर जा. माझा हात दाखवाचा असन तं मलेही घेऊन चाला."

दोघे मोटरसायकलवर बसून गेले. संध्याकाळी परतले तेव्हा अंगावर धूळ होती. नऊ गाड्या सापडल्या होत्या, त्यातल्या दोघींचं चाक हात लावू देत नव्हतं इतकं तापलेलं. एका मालकाकडे तर तोच लिफाफा निघाला, तसाच बंद, तसंच कुंकू लावलेला.

पुढे कंपनीची माणसं आली आणि माझी बेअरिंगं बदलून गेली. आता मी अगदी गप्प चालतो. सप्ताहात मृदंगावर दुसरे कुणी असतात. नत्थूभाऊ त्यांच्या शेजारी बसतात, ओठांतल्या ओठांत बोल म्हणतात. थाप पडायच्या जागी त्यांचा डावा खांदा किंचित हलतो. गोपाळराव तिकडे बघत नाहीत.

हल्ली कुठेही थांबलो की गोपाळराव शेजारच्या अनोळखी ट्रकच्या चाकाशी उकिडवे बसतात आणि मधोमध तळहाताची मागची बाजू टेकवतात. परवा एका ड्रायव्हरने विचारलं, "काय करून राहिले, बाबा?"

"ताप पाहून राहिलो," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं यंत्र असेल, गाय असेल, म्हातारं माणूस असेल. त्यांना आपलं दुखणं धड सांगता येत नाही. जवळ जा, हात लावून बघा. एवढी माझी, एका मुक्या ट्रकची, तुमच्यापुढे झोळी.