वर-खाली होणारा बेड

बसा. खुर्ची डुगडुगते, पण पडत नाही. आमच्या गल्लीतल्या फिटरची गोष्ट सांगतो. ऐकताना हसाल, आणि घरी गेल्यावर कुठंतरी टोचेल, तेव्हा मला बोल लावू नका.

फिटर म्हणजे कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. रिटायर झाला, पाठोपाठ बायको गेली. एकुलती एक लेक, ती लग्न होऊन लांबच्या शहरात. घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या. मग त्यानं एक लेझरचं मशीन आणलं. सुटकेसएवढं. आत उजेडाची बारीक सुई फिरते, लाकूड कापते, नाहीतर त्याच्यावर नाव कोरते. गल्लीतल्या झाडून सगळ्या दारांवर त्यानं कोरलेल्या पाट्या लागल्या. माझ्या दारावर दोन आहेत. नको कसं म्हणणार?

पण ह्या मशीनची एक खोड. सुई वस्तूपासून नेमक्या अंतरावर पाहिजे. जरा इकडंतिकडं झालं की कापायचं राहतं आणि नुसतं करपतं. पातळ फळी असली की फिटर तिच्याखाली विटेचे तुकडे रचायचा, त्यावर पत्ते, आणि एकेक पत्ता काढून-घालून उंची जमवायचा. जाड लाकूड तर आत मावायचंच नाही. शेवटी त्यानं मशीनचा तळ कापून काढला आणि ठरवलं, वस्तू ठेवायची जी जाळी असते, जिला मशीनवाले बेड म्हणतात, तीच वर-खाली होणारी करायची.

चार कोपऱ्यांना चार आट्यांचे दांडे उभे केले. त्यांच्यावर नट, नटांवर जाळी. चौघांच्या बुडाला दातेरी चक्रं, आणि सगळ्या चक्रांना मिळून एकच सायकलची चेन. एक मूठ फिरवली की चारही दांडे फिरणार आणि जाळी सरळ वर. कागदावर झकास. प्रत्यक्षात अर्ध्यावर गेली की एक कोपरा मागं राहायचा, जाळी तिरपी व्हायची आणि गच्च बसायची. इथंच घोडं पेंड खात होतं. तेवढा एकच दांडा जुळवायचा तर दुसऱ्यानं चेन घट्ट धरायला हवी, नाहीतर बाकीचे तीन हलतात. आणि फिटरला हात दोनच. गल्लीत हाक मारली असती तर कुणीही आलं असतं, पण तो हाक मारणाऱ्यातला नाही.

रविवारी लेकीचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. तो म्हणायचा, ये एकदा. ती म्हणायची, बघते बाबा, सुट्टी मिळत नाही. संपलं. त्या रविवारी तिनं सहज विचारलं, नवीन काय चाललंय.

"बेड बनवतोय," फिटर म्हणाला. "वर-खाली होणारा."

"वर-खाली?"

"मग काय. विटा लावून किती दिवस भागवणार? वाकून वाकून कंबर गेली."

पलीकडून हळूच आवाज आला, "बाबा, त्रास कधीपासून होतोय?"

"झाले की दोनेक महिने. वर येताना एका बाजूनं अडकतं. एकट्यानं जमत नाही गं, कुणीतरी धरायला पाहिजे."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? मी येते. शनिवारी येते."

मशीन तिला ठाऊक होतं. पण बापाच्या तोंडून बेड म्हटल्यावर लेकीच्या डोळ्यांपुढं दवाखानाच येणार. फिटरच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. तोंड उघडलंसुद्धा त्यानं. अगं वेडे, मशीनचा बेड. एवढंच बोलायचं होतं. बोलला असता तर ती हसली असती, आणि हसून झाल्यावर म्हणाली असती, बघते.

फिटर "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

आठवडाभर त्याचा पाय घरात ठरेना. जळमटं काढली, नवी चादर आणली. मधेच मन खायचं, मग फोन उचलायचा आणि परत ठेवायचा. एकदा तर आरशासमोर कंबर धरून चालून बघितलं. जमेना. स्वतःचंच तोंड बघवेना.

शनिवारी ती आली. हातात कमरेचा पट्टा, काखेत पाठीची उशी. डॉक्टरची वेळसुद्धा घेऊन आली होती. चपला काढून थेट झोपायच्या खोलीत. जोडपलंग होता. एका बाजूची चादर चुरगळलेली, दुसऱ्या बाजूची जशी घातली तशी. ती तिथं जरा थांबली. मग विचारलं, कुठाय तुमचा बेड?

फिटरनं तिला मागच्या खोलीत नेलं आणि मशीनचं झाकण उघडलं. आत चहाच्या ट्रेएवढी जाळी.

"हा?"

"हा."

त्याला वाटलं हसेल. हसली नाही. पट्टा हातात तसाच धरून स्टुलावर बसली.

"आठवडाभर माझा डोळा लागला नाही, बाबा. फोनवर सांगता येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

"मग तू आली नसतीस."

"नुसतं बोलवायचं होतं."

"बोलावत होतो की."

तिनं पट्टा बाजूला ठेवला. फिटरला वाटलं, हे पोटातच राहिलं असतं तर बरं होतं.

मग तीच उठली, म्हणाली दाखवा कुठं अडकतं ते. खाली बसून तिनं चेन दोन्ही हातांनी धरली. त्यानं मागं पडलेल्या दांड्याचं चक्र सैल केलं. धर. धरलंय. सोडू नको. नाही सोडत. एवढंच काय ते बोलणं. कोपरा जुळला, चक्र आवळलं, आणि तिनं ग्रीसच्या हातानं मूठ फिरवली. जाळी लोण्यासारखी वर आली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. परत येईन म्हणाली. कधी ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

रविवारचा फोन अजून येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. ये म्हणायचं मात्र फिटरनं सोडलंय. म्हटलं तर तिला लागेल, असं त्याला वाटतं. बेड आता कुठंच अडकत नाही, त्यामुळं दुरुस्त करायलाही काही उरलं नाही. दुपारी मशीन बंद असतं, तरी तो मूठ फिरवतो. जाळी पार वर नेतो, पार खाली आणतो.

तर तुम्हाला एक सांगणं आहे. घरात जाडजूड लाकूड असेल, खुर्चीचा मोडका पाय असेल, काहीही चालेल, ते त्याच्याकडं घेऊन जा. नाव कोरून द्या म्हणा. कुणाचं ते जाताना वाटेत ठरवा. आणि काम झालं की लगेच उठू नका.