आरपार नसलेली सळई

टँकर मागे घेताना ड्रायव्हरने तळमजल्याचा मधला खांब उडवला. वरचे चार मजले तसेच उभे राहिले. माणसं जीव मुठीत धरून बाहेर पळाली आणि अर्ध्या तासात परत आत जायच्या गोष्टी करू लागली. माझी ताई तिसऱ्या मजल्यावर राहते. भाऊजींचं इन्सुलिन फ्रिजमध्ये राहिलं होतं.

ही इमारत बांधणारा ठेकेदार छाती फुगवून सांगत होता, खांब गेला तरी इमारत हलली नाही, याला म्हणतात काम. दोरी बांधून सगळ्यांना अडवणारा बंबवाल्यांचा साहेबही डळमळला. एकेकाने पाच मिनिटांत जाऊन यावं, म्हणाला. ताईने पदर खोचला.

अकरा वर्षांपूर्वी या इमारतीची सळई मी बांधली. खांब जागेवर असतो तोवर त्याच्या डोक्यावरचा ताण बीमची वरची सळई घेते. खांब गेला की तो ताण खालच्या सळईवर येतो. ती खांबातून आरपार असेल तर दोन्हीकडचे बीम एकमेकांना धरून लोंबकळतात. नसेल तर एक मजला बसतो आणि बाकीच्यांना घेऊन जातो.

खांबाच्या दाट सळयांतून ती ओवायची म्हणजे बोटं सोलायची. पहिल्या मजल्यावर इंजिनिअर तपासायला आला, तिथे ओवली. पुढे तो जिना चढलाच नाही. मग आम्ही खांबापाशीच कापून तारेने बांधत गेलो. ठेकेदार म्हणायचा, खांब काय पळून जाणार आहे? आम्ही हसायचो. आणि वर मीच ताईला सांगितलं, घर डोळे झाकून घे.

आता इमारत उभी होती ती एका मजल्याच्या सळईच्या आणि विटांच्या भिंतींच्या जिवावर.

ताई दोरीखालून आत वाकली.

"ताई, थांब. दुसऱ्यापासून वर खालची सळई आरपार नाही. मी कापलीय."

ठेकेदार म्हणाला, दारू प्यायलाय हा. साहेबाने वही पुढे केली, लिहून दे. ठेकेदार कानाशी आला. "सही केलीस तर आधी तू जेलात जाशील, गाढवा."

"माहितेय."

सही केली. साहेबाने दोरी रस्त्यापलीकडे नेली, आत जाणं बंद.

ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिथं माझी पोरं झोपत होती रे. अकरा वर्षं."

ती औषधाच्या दुकानाकडे चालू लागली. मी मागे निघालो, तर म्हणाली, तू येऊ नकोस.