साबणाच्या बाटलीवरची पट्टी

बाटलीच्या पाठीला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर साबण चौतिसाव्या रेघेपाशी येऊन थांबला होता. काल सकाळी ह्याच वेळेला तो साठावर होता – तिनं स्वतः, एक डोळा मिटून, बेसिनच्या गार काठाला गाल टेकेपर्यंत वाकून पाहिलं होतं – आणि एका दिवसात सव्वीस रेघा खाली? पंपाच्या चोचीला एक थेंब लोंबत होता. पडेना, आत जाईना. नुकतंच कुणीतरी दाबलेलं. कुणी? तिनं मागं वळून पाहिलं. काचेपलीकडं आठ पाळणे, आठ मुटकुळी, दोन सिस्टर पाठमोऱ्या. कुणाचं लक्ष नाही… किंवा लक्ष नाही असं दाखवणं चाललेलं.

तिनं वहीत चौतीस लिहिलं आणि त्याच्याखाली, दुखऱ्या दातावर जीभ जावी तशी, पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली.

हिशेब तर साधा होता. हात धुवायचे म्हणजे पंप एकदा दाबायचा, आणि तीन वेळा दाबला की एक रेघ उतरायची. बेसिनसमोरच्या खुर्चीत तिच्या विद्यार्थिनी आळीपाळीनं बसून कोण कधी धुतो त्याच्या खुणा करायच्या. रात्रीच्या खुणा रात्रीची सिस्टर करायची. काल खुणा भरल्या एकोणचाळीस. म्हणजे तेरा रेघा. मग उरलेल्या तेरा गेल्या कुठं? एक दिवस चुकला असता तर चुकला म्हणून सोडून दिलं असतं. पण गेले तीन आठवडे, जवळजवळ रोज, जेवढ्या खुणांच्या तेवढ्याच जास्तीच्या. कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या वॉर्डात, जिथं अजून काही शिकवलं नव्हतं आणि जिथली पट्टी एक विद्यार्थिनीच वाचून आणायची, तिथं खुणा आणि साबण कसे सख्ख्या बहिणींसारखे हातात हात घालून चाललेले.

म्हणजे इथंच कुणीतरी साबण ओतून टाकतंय.

दोन वर्षं. बाळंतिणींना आणि सिस्टरांना हात धुवायला नीट शिकवलं तर बाळांचे ताप कमी होतात का – एवढाच प्रश्न घेऊन ती दोन वर्षं ह्या दोन वॉर्डांमधून हिंडत होती. तक्ते रंगवले, बाळंतिणींसाठी गाणं रचलं, सिस्टरांच्या टोमण्यांकडं कानाडोळा केला. आज संध्याकाळी पाचपर्यंत आकडे मार्गदर्शक सरांकडं पाठवायचे होते. आकड्यांत लबाडी असेल तर हा वॉर्ड खोडायचा, आणि हा वॉर्ड खोडला की उरतो तो नुसता प्रश्न. तो तर तिच्याकडं बावीस वर्षं होताच.

"आली का मोजपट्टी!"

इनचार्ज सिस्टर. शिकत असताना दोघींनी एका खोलीत तीन वर्षं काढलेली, एका फुटक्या आरशात दोघींच्या वेण्या व्हायच्या. पुढं हिनं वॉर्ड धरला आणि तिनं शिकवणं. तिच्या माघारी सगळा वॉर्ड तिला मोजपट्टी म्हणतो हे तिला ठाऊक होतं; तोंडावर म्हणायची हिंमत हिच्या एकटीची.

"काय गं, आज आमची उंची किती भरली?"

"साबण फार जातोय तुझ्याकडं."

"मग? तूच कानीकपाळी ओरडतेस ना, धुवा धुवा म्हणून? धुतायत बिचाऱ्या."

"एवढा?"

"कमी गेला तरी तुझं तोंड वाकडं, जास्त गेला तरी वाकडं. साबणानं करावं तरी काय बाई!" इनचार्ज हसली. हसताना तिनं नजर खाली नेली – तिच्या हातांकडं. क्षणभरच. मग फाइल उचलून ती डॉक्टरांमागं निघून गेली.

हातांकडं का पाहिलं तिनं?

तिच्या मनात पाल चुकचुकली. ही ओतत असेल? आपला वॉर्ड उजवा दिसावा म्हणून? की… दया येऊन? हे दुसरं जास्त झोंबलं. कारण बावीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी, पाळीवर दोघीच होत्या. हीसुद्धा होती.

चार नंबरचा पाळणा. दुपारचे अडीच. तीन बाळं एकदम रडायला लागलेली, आणि ती विशीतली पोर, ह्याचं दुपटं बदल, त्याची नळी बघ, तिसऱ्याला उचलून खांद्याशी धर… चार नंबरचं मात्र रडत नव्हतं. ते रडायचंच नाही, एवढंसं होतं, ओंजळीत मावेल एवढं. तिनं त्याला नळीनं दूध दिलं. दुसऱ्या दिवशी ताप आला. चौथ्या दिवशी पाळणा धुऊन, पुसून, उन्हात ठेवला. एकाकडून दुसऱ्याकडं जाताना हात धुतले होते का? नळ आठवतो. पाण्याचा गारवा आठवतो, मनगटापर्यंत चढलेला. पण तो गारवा त्या दुपारचा की आदल्या दिवशीचा, की नंतरच्या हजार दुपारींपैकी कुठल्या एकीचा – इथं येऊन सगळं धुकट होतं. कुणी विचारलं नाही. इनचार्ज तेव्हा इनचार्ज नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, चल, चहा घे. त्यानंतर बावीस वर्षांत अवाक्षर नाही. इतकं न बोलणं माणूस उगाच करतं का? काहीतरी पाहिल्याशिवाय?

अकरा वाजता ती काचेआडच्या कपाटामागं उभी राहिली. चोरासारखी. की चोर धरणाऱ्यासारखी… उभं राहायची तऱ्हा दोघांची एकच. धाकटी सिस्टर आली, एक दाब, धुतले, गेली. डॉक्टर आले, एक दाब, अंगठा राहिलाच, गेले. मग कालच दाखल झालेली बाळंतीण आली, टाक्यांमुळं भिंतीला धरत धरत, आणि बाळंतिणींसाठी रचलेलं ते गाणं ओठांत घोळवत हात चोळू लागली –

तळवा तळव्याशी, बोटांच्या वाटांशी,
अंगठा एकटा गं, त्याला घ्यावा पोटाशी…

अंगठ्यापाशी आल्यावर त्या मुलीला हसू फुटलं आणि तिनं तो खरंच दुसऱ्या मुठीत घेतला, पिल्लू घ्यावं तसा. कपाटामागं तिचा जीव एकदम मऊ झाला. हे तरी खरं आहे. हे कुणी ओतलेलं नाही. मग लगेच वाटलं – की हिला कुणी सांगून ठेवलंय, मोजपट्टी कपाटामागं असते म्हणून?

सकाळी लेकीची वेणी घालताना लेक ओरडली होती, "आई, तुझी बोटं केसांत अडकतायत गं. काय काटे लावलेस का?" मध्येच का आठवलं हे?

कपाटाला टेकून पाय अवघडले. तिनं बेसिनपाशी जाऊन पट्टी पाहिली. मघा तिघांचे तीन दाब. आधी दोन बाळंतिणी येऊन गेलेल्या. पाच दाब. फार तर दोन रेघा. पट्टी अठ्ठावीस सांगत होती. सकाळपासून सहा रेघा! आणि तिच्या डोळ्यांदेखत कुणी काही ओतलं नव्हतं.

साडेबाराला वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत बेसिनपाशी आल्या. ती तिथंच होती. मावशी पंचवीस वर्षं ह्याच फरशीवर. त्यांना विचारावं असं कुणाला सुचत नाही, म्हणून त्यांना सगळं माहीत.

"मावशी, खरं सांगा. ह्या बेसिनमध्ये साबण कोण ओततं?"

"ओततं? कुणी नाही हो, बाई."

"मग जातो कुठं? भुतं धुतात का?"

मावशींनी फडकं पिळलं. पिळता पिळता तिच्याकडं पाहिलं, आणि इनचार्जनं पाहिलं होतं तसंच, हळूच, खाली.

"आता तुम्ही विचारताय म्हणून. सगळ्यांत जास्त तर तुम्हीच धुता."

"मी?"

"येता, वाकून पट्टी बघता, आणि धुता. जाताना धुता. मधे वहीत लिहिलं की परत. आणि एकदा दाबून तुमचं भागत नाही, तीन-तीनदा. ते गाणं म्हणत." मावशी हसल्या, मायेनं, लहान मुलाची खोड सांगावी तशा. "आम्ही म्हणतो, मोजप… बाई आल्या. न बघता कळतं. गाण्यावरनं."

"मी नाही म्हणत गाणं."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि फडकं बादलीत बुडवलं.

तिनं भिंतीवरून नोंदीचा तक्ता काढला. सिस्टर, डॉक्टर, बाळंतीण, मावशी, भेटायला आलेले – प्रत्येकाचं घर आखलेलं, प्रत्येक घरात खुणा. आणि अगदी तळाशी, तिच्याच गोल, टपोऱ्या अक्षरात: निरीक्षण करणाऱ्यांना धरू नये. तिनंच लिहिलं होतं. खुर्चीतल्या पोरींनी निमूट पाळलं होतं. ह्या बेसिनवर येणारं सगळं जग तिनं आखून घेतलं, आणि स्वतःपुरतं एक घर आखायचं राहून गेलं… राहून गेलं, की ठेवलं?

तिनं तळव्यांकडं पाहिलं. पेरापेरांवर भेगा, कोरड्या तळ्याच्या तळासारख्या. अंगठ्याच्या मुळाशी एक भेग लाल. हे हात असे कधी झाले? हिवाळ्यामुळं, असं ती घरी सांगत आली होती. हिवाळा सरून दोन महिने झालेले.

नवं घर आखायचं तर सोपं होतं. फूटपट्टी लागली तर ती वहीतच होती. पण त्या घरात आकडा काय लिहायचा? काल किती वेळा? परवा? सरांना काय कळवायचं – की साबण मी सांडला, पण मला आठवत नाही? पेनाचं टोपण तोंडात धरून ती उभी राहिली. कालच्या उरलेल्या तेरा रेघा म्हणजे जवळजवळ चाळीस दाब. तीननं भागलं तर दिवसाकाठी तेरा वेळा ती ह्या बेसिनशी आली, बाही सारली, पाणी सोडलं, चोळलं, पुसलं… आणि त्यातली एकही वेळ तिच्याजवळ नव्हती. एकसुद्धा नाही.

पाण्याचा आवाज आला, अगदी जवळून. नळ सोडलेला होता.

तिनं खाली पाहिलं. वही बेसिनच्या काठावर, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि दोन्ही हातांवर साबणाचा पांढरा, दाट फेस. अंगठा दुसऱ्या मुठीत. ओठ हलत होते – पोटाशी, पोटाशी – आणि ते तिचेच होते. पंप कधी दाबला? कितीदा?

ती हलली नाही. भेगांत साबण झोंबू लागला आणि त्या झोंबण्याबरोबर काहीतरी आत सरकलं, पाळणा कुणी नकळत हलवावा तसं. हात जर असे, तिला न विचारता, तिला न सांगता धूत असतील… तर त्या दुपारीही? तीन बाळं रडत असताना, ती दुसरीकडंच असताना, ह्यांनी मुकाट आपलं काम केलं असेल? आठवत नाही म्हणजे धुतले नाहीत, असं तिला कुणी सांगितलं होतं? तिनंच. बावीस वर्षं तिनंच.

छातीत इतकं हलकं वाटलं की तिला त्याचाच संशय आला. ही सवय आधीची, की नंतरची? ह्या हातांना हे त्या पाळण्यानं तर नाही शिकवलं? आणि सुटका इतकी स्वस्त, इतकी फेसाळ कशी येईल – हीदेखील कुणी ओतलेली नसेल कशावरून?

काचेपलीकडं इनचार्ज उभी होती. पाहत होती. तिच्या हातात दोन कप होते. ती आत आली नाही, हाक मारली नाही.

पाणी वाहत राहिलं. तिनं फेसाचे हात तसेच समोर धरले, दुसऱ्या कुणाचं बाळ घटकाभर सांभाळायला मिळावं तसे, आणि पंपाच्या चोचीशी लोंबणाऱ्या थेंबाकडं ती पाहत राहिली. ह्या वेळी तो कुणाचा, हे तिला माहीत होतं.