शिवणीतली माया

शिंपी मापाचा असा पक्का, की गिऱ्हाइकानं पोट कितीही आत ओढलं तरी फितीवर खरा आकडा यायचाच. पण स्वतःच्या पोटाची वही लिहायला बसला की मापात पाप.

आतड्याला जुनाट सूज. दिवसाला आठ-आठ फेऱ्या. गोळ्या चालू होत्याच, त्यात दवाखान्यातल्या आहाराच्या बाई म्हणाल्या, "जे खाल ते लिहा. काय बाधतं ते एकेक करून शोधू." यानं दूध लिहिलं, अंडं लिहिलं, पाव लिहिला. शेजारच्या थिएटरातून येणारी मक्याच्या लाह्यांची पुडी तेवढी लिहायची राहून जायची. ती मशीनच्या खणात, रिळांच्या मागे.

पोट ऐकेना. बाईंनी आधी दूध बंद केलं, मग अंडं, मग पाव. त्यांचा तरी काय दोष? वहीत दुसरा चोरच नव्हता.

"तुम्ही नाही खाणार, ते मला कसं गोड लागेल?" म्हणत बायकोनंही एकेक सोडलं. आणि पाव म्हणजे तिचा जीव! कडेचा खरपूस तुकडा ती भांडून घ्यायची.

तीन महिन्यांनी तिनं कोट आणून दिला. "अहो, आत घ्या हा. शेजारणीचा घातल्यासारखा वाटतोय."

"बारीक झालीस, नशीब काढलंस!" तो हसला. दुकानात शिवण मारली, तेवढ्यात गरम पुडी आली. घाईघाईत आतलं जादा कापड, म्हणजे शिवणीतली माया, कापून टाकली आणि अस्तर बंद केलं.

सकाळी कोट घालून ती दारात थबकली. "अहो, हा कुरकुरतोय."

तिनंच अस्तर उसवलं. तीन लाह्या पडल्या. खारट.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे पाव उगाच…" एवढंच म्हणाली.

त्यानं वही खरी लिहिली. आहाराच्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "निरपराध पावाला कोठडीत टाकायला लावलंत मला!" लाह्या गेल्या, पाव हळूहळू परत आला. फेऱ्याही कमी झाल्या. आता कडेचा तुकडा तो न मागता तिच्या ताटात ठेवतो. ती खाते. भांडत मात्र नाही.

परवा कोट पुन्हा त्याच्यापुढे आला. "थोडा सैल करा. घट्ट होतोय."

त्यानं शिवण उसवली आणि नुसता बघत बसला.

"का हो? आत माया नाही ठेवली?"

शिंप्याला मान वर करवेना.