एका दोऱ्यात शिवलेल्या दोघी

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. पुस्तक म्हणावे इतकी जाड नाही, आणि वाचून फेकून द्यावी इतकी बारीकही नाही. एके काळी इंग्रजांच्या मुलखात माझ्यासारख्यांचे पेव फुटले होते. तुम्ही आज फोनवर जशी भांडणे करता, तशी तेव्हाची माणसे आमच्यामार्फत करत. युद्ध करावे की करू नये, कोणत्या परक्या राजाची बाजू घ्यावी, यावर ती पदरमोड करून पुस्तिका छापत आणि रस्तोरस्ती विकत.

माझा जन्म लंडनमधल्या एका छापखान्यात, रशियाशी चाललेल्या क्रिमियाच्या युद्धाच्या दिवसांत झाला. माझा कागद चिंध्यांचा. कुणाचा फाटका सदरा, कुणाची विटलेली चादर यांचा लगदा करून मला घडवले, म्हणून इतकी पिवळी पडूनही मी अजून तुटलेली नाही. माझा लेखक कापडाचा व्यापारी होता आणि त्याला युद्ध नको होते. 'दुसऱ्याच्या घराला लागलेली आग आपल्या मुलांच्या रक्ताने का विझवायची?' हे माझे पहिलेच वाक्य. लोकांनी मला डोक्यावर घेतले. मला त्याचा फार अभिमान होता आणि खरे सांगायचे तर अजूनही आहे.

थोड्याच दिवसांत मला उत्तर देणारी दुसरी पुस्तिका निघाली. तिचा लेखक सैन्यातला निवृत्त डॉक्टर. तिने पहिल्याच पानावर माझे नाव घेऊन लिहिले, 'शेजाऱ्याचा गळा आवळला जात असताना दाराला कडी घालून बसणे म्हणजे शांतता नव्हे.' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला!

पुढे डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या एका वकिलाने आम्हा दोघींना विकत घेतले आणि एकाच चामडी वेष्टनात शिवून घेतले. वाद आणि त्याचे उत्तर एकत्र बांधून ठेवायचे, अशी तेव्हाची रीतच होती. माझे शेवटचे पान आणि तिचे पहिले पान तोंडाला तोंड लावून राहिले. वैरिणीशी असा संसार कुणाच्या नशिबी येऊ नये, असे मला वाटे. वकील गेला, त्याची नातवंडे गेली, कपाटाला ओल आली, चामड्याला कसर लागली. आम्हाला कुणी हात लावेना. दोघी अंधारात पडून होतो, आणि वाद घालायला मला तिच्याशिवाय कुणी नव्हते.

शेवटी ते घर रिकामे झाले तेव्हा रद्दीच्या भावाने विकल्या गेलेल्या एका खोक्यातून आम्ही डब्लिनजवळच्या नास गावी निवेदिताकडे आलो. निवेदिता पुण्याची. नवऱ्याबरोबर आयर्लंडला आली, पुस्तकबांधणी शिकली आणि घराच्या गॅरेजमध्ये तिने जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचा छोटासा व्यवसाय मांडला. तिने आमचे कुजलेले चामडे उतरवले, पाठीवरचा सरस खरवडला. आता जुना दोरा तेवढा आम्हाला धरून होता. तिचा हात हलका होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी मायेने हात फिरवत होते.

पण त्या घरात शांतता नव्हती. निवेदिताचा मुलगा शार्दूल शाळा संपवून आयर्लंडच्या सैन्यात भरती होणार होता. जवळच करॅगची छावणी, तिथे प्रशिक्षण आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर कुठल्यातरी पेटलेल्या देशात. त्याचे वडील मकरंद कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. ते ऐकल्यापासून त्यांनी मुलाशी बोलणेच टाकले होते. एकाच टेबलावर दोघे जेवत आणि मीठ मागायचे झाले तरी निवेदितामार्फत मागत.

एक दिवस मकरंद गॅरेजमध्ये आले. सहज म्हणून त्यांनी मला उचलले आणि उभ्या उभ्या वाचून काढले. त्यांचे डोळे भरून आले. ते निवेदिताला म्हणाले, "ही पहिली तेवढी वेगळी काप. छान बाइंड करून दे. दसऱ्याला मी ती शार्दूलच्या हातात ठेवणार आहे."

"आणि दुसरी?"

"ती रिसायकलिंगमध्ये टाक. त्याला ती दिसायला नको."

मित्रांनो, मी किती हरखले म्हणून सांगू! वैरीण जाणार होती आणि मी नव्या कपड्यांत एका तरुणाच्या हाती पडणार होते. निवेदिताला मात्र ते रुचले नाही. तरी घरातली धुसफूस मिटेल या आशेने ती हो म्हणाली. नवमीच्या सकाळी आमचा दोरा कापायचा ठरला.

पण ती खंडेनवमी होती, आणि घरात प्रभाआजी होत्या. मकरंदांच्या आई, साताऱ्याकडच्या, चार महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या. निवेदिता नाश्त्याचे आवरून येईपर्यंत आजींनी गॅरेजमधल्या टेबलावर पाट मांडला होता. त्यावर सुरी, दाभण, सुया, कात्री, शेजारी मकरंदांचा लॅपटॉप आणि सुपरमार्केटातली शेवंती. सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागले होते. आणि आम्हा दोघींना पोथीसारखे मधोमध उघडून, पळीभर पाण्यात कालवलेल्या कुंकवाचे बोट त्यांनी माझ्या शेवटच्या पानावर टेकवले आणि हात जोडून आम्हाला मिटले.

"आई! अहो, हे काय केलंत?" निवेदिता किंचाळलीच. "जुना कागद आहे तो, ओला नाही करायचा!"

"आगं, इद्याच हाय की ती. तिला कुकू लावल्याबिगर कसं चालंल?" आजी शांतपणे म्हणाल्या. "आन् ह्या सुरीला आता हात लावू नगंस. आज तिला इसावा. उद्या पूजा हलीवली की मंग काय कापायचं ते काप."

मकरंद वैतागून म्हणाले, "आई, ती तलवार नाहीये, साधी कटर आहे."

"तुझ्या गाडीला बी लावलंय कुकू. बघ जा."

निवेदिताने मला उघडले. कुंकू माझ्या शेवटच्या पानावरून समोरच्या तिच्या पहिल्या पानावर उमटले होते. बोट एकदाच टेकले होते, पण ठिपके दोन झाले होते. आता पाने सुकेपर्यंत आम्हाला तसेच उघडे ठेवण्यावाचून इलाज नव्हता. जन्मात प्रथमच आम्ही दोघी उजेडात शेजारी शेजारी पडलो होतो.

दुपारी शार्दूल सायकल ठेवायला आला, लाल डाग बघून थांबला आणि वाचू लागला. आधी मला वाचले, मग तिला. आजी तिथेच मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "काय लिवलंय रं त्यात?"

शार्दूलला मराठी सगळी समजते, पण बोलताना तो इंग्रजीच बोलतो. आजीसाठी मात्र त्याने धडपडत सुरुवात केली. "आजी, ही म्हणते... दुसऱ्याच्या भांडणात आपली मुलं नको. अँड धिस वन सेज, शेजाऱ्याला मारतात, तर आपण... डोअर लावून नाही बसायचं."

"मंग दोघी बी खरंच बोलत्यात की."

"येह, आजी. दॅट्स द प्रॉब्लेम." तो हसला आणि चहा घेऊन येणाऱ्या निवेदिताला म्हणाला, "मम, व्हाय आर यू कटिंग इट?"

निवेदिताने चहाचा ट्रे बाजूला ठेवला. तिची नजर दाराकडे गेली. तिथे मकरंद उभे होते. कितीतरी दिवसांनी ते मुलाशी सरळ बोलले. "मी सांगितलं तिला. मला तुला फक्त पहिली द्यायची होती."

"सो आय वुडन्ट सी द अदर साइड?"

"हो."

शार्दूल रागावेल असे मला वाटले. त्याने माझ्या पानावर हलकेच हात ठेवला. "बाबा, युअर्स इज द बेटर वन, इन फेअरनेस. आय रेड एव्हरी वर्ड. आय'म स्टिल गोइंग."

मकरंद खाली बसले. म्हणाले, "मला भीती वाटते रे. बाकी काही नाही. नुसती भीती वाटते."

"तुझा बा बॉर्डरवर व्हता तवा मी बी रोज भ्याले," आजी मकरंदांना म्हणाल्या. "कुनाला बोलले न्हाई. बोलाया पायजे व्हतं."

शार्दूल उठून बाबांच्या शेजारी जाऊन बसला. मित्रांनो, त्या क्षणी मी मनातल्या मनात माझे पान न् पान चाळले. राजे, तह, आरमार, खर्च, न्याय, सारे माझ्यात होते. 'मला भीती वाटते' एवढे साधे वाक्य मात्र कुठेच नव्हते. तिच्यातही नव्हते. इतकी वर्षे आम्ही दोघी त्याच्याच भोवती भांडत होतो, असे मला वाटले आणि फार वाईट वाटले.

दसऱ्याला पूजा हलवली. निवेदिताने सुरी उचलली ती नवा दोरा तोडायला. तिने आम्हा दोघींना पुन्हा एकत्र शिवले, आधीपेक्षा घट्ट. आपटा आयर्लंडमध्ये कुठला मिळायला? शार्दूलने बीच नावाच्या झाडाची पिवळी पाने आणली होती. त्याने बाबांच्या हातात पान ठेवले आणि वाकून नमस्कार केला. बाबांनी त्याला उराशी धरले. त्याचे जाणे त्यांना अजूनही पटले नव्हते. तरी निघायच्या दिवशी गाडी त्यांनीच काढली आणि ते स्वतः त्याला करॅगला सोडून आले.

परत आल्यावर ते गॅरेजमध्ये आले. दसऱ्याचे ते पान त्यांनी आमच्या दोघींच्या मध्ये, कुंकवाच्या दोन ठिपक्यांपाशी ठेवले. मग खुर्ची ओढून वाचायला बसले. मला नाही, तिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मित्रांनो, जुन्या कागदाला ओला हात लावू नका, त्याला कुबट कपाटात कोंडू नका. आणि जे तुम्हाला पटत नाही, ते कापून टाकायला सुरी हाती घ्याल, तेव्हा एक दिवस तिला विसावा द्या. माझ्या शेजारणीला आता कुणी माझ्यापासून तोडू नये, एवढीच माझी विनंती आहे. तिचे म्हणणे मला अजूनही पटलेले नाही.